पन्नास वर्षांनी पुन्हा झोपा

ते साल दोन हजार सात. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर तेव्हा लग्नाला पन्नास वर्षं झाली की शेजारी दारावर हिरव्या फांद्यांची कमान उभारत आणि भल्या सकाळी गाणी म्हणत नवराबायकोला उठवत. गुड्रून आणि आयनारची ती सकाळ टिपायचं काम गुड्रूनची धाकटी बहीण इंगरलीसकडे होतं. गावातली अशी कितीतरी लग्नं तिच्याच कॅमेऱ्यात होती.

त्या सकाळी नवल घडलं. जन्मभर डुकरांशीच जास्त बोललेला आयनार झोपेच्या सदऱ्यात कमानीखाली आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गुड्रून, पुन्हा विचारायची वेळ आली तर तुलाच विचारीन."

गुड्रून रडली. मग बहिणीच्या कानाला लागली, "मिळालं ना गं? ऑस्ट्रेलियातल्या पोरांचा विश्वास बसायचा नाही."

"ताई, अक्षर न् अक्षर मिळालं."

मग गरम पाव आले, कडू दारूचे पेले फिरले. इंगरलीसचा नवरा स्वेन नवा कॅमेरा मिरवत आला होता, पण त्याचं मेमरी कार्ड घरीच विसरला होता. त्याने बायकोच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आपल्यात घातलं आणि खुशाल न्याहारीचं चित्रण केलं.

इंगरलीसला ते कळलं तेव्हा ती ओरडली, "अहो, कार्ड घातल्यावर कॅमेऱ्याने काही विचारलं का?"

"विचारलं की. कार्ड ओळखीचं नाही, तयार करून घेऊ का? म्हटलं, घे बाबा."

"तयार करणं म्हणजे पुसणं! आणि वर तुम्ही लोणी फासणारी माणसं भरलीत!"

स्वेनचा चेहरा पडला. गुड्रूनने हातातला पाव खाली ठेवला.

इंगरलीस डगमगली नाही. जुनं आता परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने कार्ड आपल्या कॅमेऱ्यात घातलं आणि टाळ्या वाजवल्या. "ताई, भावोजी, परत अंथरुणात! बाकीचे कमानीपाशी. सकाळ पुन्हा होणार आहे."

लोक हसत उठले. पोटात दोन घोट गेल्यामुळे गाणं आधीपेक्षा मोकळं झालं. दार उघडलं. आयनार उभा राहिला.

"बोला, भावोजी."

"काय बोलू? सकाळी बोललो ना, तिलाच विचारीन म्हणून. आता किती वेळा? डुकरं उपाशी आहेत तिकडे."

गुड्रून हसता हसता कमानीला टेकली. "हेच ठेव गं! आता पोरांना पटेल. हा माझाच आयनार आहे."

पोरांना पटलं. आयनार चार वर्षांनी गेला. गुड्रून न्यूबोर शहरात लहान घरात राहायला गेली आणि कॉफीला येईल त्याला ते चित्रण दाखवत असे. स्वेनने कार्डांवर लाल रंगाने नावं लिहायची सवय लावून घेतली. इंगरलीस आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या कॅमेऱ्याला अजून दुसरं कोणी हात लावत नाही.