नखांवरचा निळा

ताप दोघांना एकाच दिवशी आला. रंगाऱ्याची बायको तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. रंगारी मात्र पाचव्या दिवशीही कारखान्यामागच्या खोलीत उशांना टेकून बसून होता. आडवं झालं की त्याचा जीव घाबरा व्हायचा.

त्याला पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि दमा त्याहूनही जुना. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, "काकू, काकांकडे नीट लक्ष ठेवा. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर विचार करत बसू नका, सरळ घेऊन या."

सकाळी बोटाला लावायच्या चिमट्यावर एक्क्याण्णव आकडा आला.

"चुकतंय हे," ती म्हणाली. चाळीस वर्षं कापड रंगवून दोघांचीही नखं निळी झाली होती. चिमटा बोटातून उजेड पाठवून मोजतो, एवढं तिला ठाऊक होतं. निळ्या नखातून उजेड जाणार कसा? तिने त्याचं बोट साबणाने घासलं, मग लिंबाने. रंग ढिम्म हलला नाही.

"पक्का रंग... देतो आपण," तो हसला. "गिऱ्हाइकाला... थापा मारत नाही." हसता हसता त्याला धाप लागली.

"बोलू नका हो. नाहीतर एरवी कुठे एवढे बोलता!"

दुपारी आकडा सत्त्याऐंशीवर आला. तिने चिमटा उशीखाली सरकवला, जणू तो दिसला नाही तर आकडाही राहणार नाही.

नात दारातच उभी होती, तिला आत यायची बंदी होती. आबा तिला कोडं घालत होते.

"आजी," तिने हाक मारली, "आबा कोडं पूर्ण का करत नाहीत? तीन शब्द बोलतात आणि थांबतात."

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर निळसर डाग होता. पाण्याच्या ग्लासाला रंग लागला असेल, असं वाटून तिने ओलं फडकं घेतलं आणि डाग पुसला. तो गेला नाही. पुन्हा पुसला. मग तिच्या लक्षात आलं, पाच दिवसांत हा माणूस रंगाजवळ गेलेलाच नाही.

तिने फडकं खाली ठेवलं.

रंगाविषयी शंका आली की दोघांची एक रीत होती. एकाच पिंपात बुडवलेल्या दोन चिंध्या शेजारी ठेवायच्या. दोष रंगात असेल, तर तो दोन्हींत दिसेल. तिने उशीखालून चिमटा काढला आणि स्वतःच्या बोटाला लावला. तिची नखं तर त्याच्याहून गडद होती.

अठ्ठ्याण्णव.

"अहो, उठा. निघायचंय."

"अगं, रंग आहे... तो. संध्याकाळी... बघू."

"तोच रंग माझ्याही नखांवर आहे!" ती ओरडली. नात रडायला लागली. तेव्हा मात्र तो मुकाट्याने उठला, आणि दोन पावलांत खाली बसला.

ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. ती त्याच्या छातीचं खालीवर होणं मोजत राहिली. मध्येच मोजणी चुकली की ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

रुग्णालयात त्याची साखर तीनशे ऐंशी भरली.

"पाच दिवसांत धड जेवले नाहीत हो. साखर वाढेलच कशी?"

"आजारात शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढलेल्या साखरेत रोगाशी झुंजणं अवघड होतं. त्यात दम्याने श्वासनळ्या आधीच नाजूक, त्यांना सूज आलीय. विषाणू तुम्हा दोघांना एकच झाला, काकू. पण तो यांच्या शरीरात शिरला, तेव्हा तिथे आधीचे दोन आजार होतेच."

"सकाळी आकडा कमी आला होता. मी म्हटलं, रंगामुळे असेल."

डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनचा मास्क पुढे ओढला. "आता आणलंत ना," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच्या तोंडावर मास्क चढला. नर्सने त्याचा हात उचलला आणि दचकली. "बोटं एवढी निळी?"

"तो रंग आहे," बायको म्हणाली. "बोटांचं सोडा. तुम्ही ओठ बघा."

आणि ती स्वतःही तेच बघत बसली. मास्कच्या पारदर्शक कडेतून ओठ जेमतेम दिसत होते. वाळत घातलेल्या कापडाची छटा पारखावी, तशी ती डोळे बारीक करून बघत होती. अर्ध्या तासाने तिला वाटलं, ओठांवरचा निळा एक छटा उतरलाय. खात्री नव्हती. तिने स्वतःच्या नखांकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्या ओठांकडे.