सोळाच्या जागी बारा

लेकीला फोन करायला मला कारण लागतं. नुसतं 'कशी आहेस?' विचारलं, की ती म्हणते, 'मजेत. तुम्ही?' मी म्हणतो, 'मजेत.' संपलं. बायको होती तेव्हा मायलेकी तासन् तास बोलायच्या आणि शेवटी मी हजेरी लावल्यासारखा फोन हातात घ्यायचो. आता बायको नाही, आणि मला अजून बोलता येत नाही.

म्हणून मी कॉम्प्युटर बिघडवायला शिकलो.

दूर नोकरीला जाण्याआधी लेकीनेच तो सुटे भाग आणून जोडला होता. चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहिलं, की बायोसचं निळं पान उघडायचं. यंत्राचा सगळा अंतर्गत कारभार तिथे. मागितलेली माहिती आणून द्यायला मेमरीला किती उसंत द्यायची, याचे आकडेही तिथेच. पहिला आकडा सोळा. मी त्याचा बारा करून सेव्ह केलं, की स्वारी आडवी. पंखा फिरतोय, पडदा काळा. मग मी तोंड पाडून फोन लावायचो.

"बाबा, पुन्हा? कशाला हात लावलात?"

"अगं, मी कशाला लावतोय!"

मग ती कामं बाजूला ठेवायची. प्लग काढा, झाकण उघडा, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढा, थोडं थांबा, परत बसवा. सगळे आकडे मूळ पदावर. मला ते थांबणं फार आवडायचं. तेवढ्या वेळात तिला दुसरं काही करता यायचं नाही, मग ती ऑफिसातल्या कुरबुरी सांगायची, 'जेवलात का?' विचारायची. मी मुद्दाम स्क्रू हरवायचो. 'सर, पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या पोरांवर डाफरण्यात ज्याची हयात गेली, तो गणिताचा मास्तर आता स्वतःच ढ झाला होता, आणि सुखात होता.

पण माझं अति झालं. एका सकाळी कॉम्प्युटरचा दुकानदार नवं खोकं घेऊन दारात उभा.

"ताईंनी पाठवलंय. जुना घेऊन जायला सांगितलंय."

"त्याला काय धाड भरलीय?"

"सारखा अडतो म्हणाल्या. काका, हा बघा, याच्यात मेमरी बोर्डालाच चिकटवलेली. हात घालायला जागाच नाही."

तिने जोडलेला कॉम्प्युटर तो काखोटीला मारून घेऊन गेला. वायरी मीच गुंडाळून दिल्या.

नव्याचं बायोस उघडून पाहिलं. बदलता येतील अशा दोनच गोष्टी, तारीख आणि वेळ. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

तरी फोन केला.

"चालत नाही का, बाबा?"

"चालतोय की. झकास."

"सुटलात एकदाचे!"

"हो."

तिकडे कीबोर्डवर तिची बोटं चालू लागली. आता ती 'ठेवू?' म्हणणार, हे मला कळलं.

"अगं, एक विचारायचं राहिलं," मी घाईघाईने म्हणालो. "सोळाचा बारा केला, की तो जुना बंद का पडायचा?"

बोटं थांबली.

"बारा... तुम्ही करायचात?"

मी खिशातून जुन्याचा एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला.

"मेमरीला थोडा वेळ द्यावा लागतो, बाबा," ती म्हणाली. "थांबा, दार लावून येते. मग पहिल्यापासून सांगते."

मला सगळं ठाऊक होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"सावकाश सांग," मी म्हणालो.