साळिंदराने निवडलेली गाजरं

आमच्या दोघींच्या परसबागा शेजारीशेजारी होत्या. पाट एकच, माती एकच, मध्ये फक्त काट्याकुट्यांचं कुंपण. तरी त्या वर्षी डोंगरातलं साळिंदर उतरलं ते थोरल्या जाऊबाईंच्या, मोहफिरातच्या, गाजरांवर.

तिचं नुकसान झालं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण सासूबाईंनी उकरलेली माती बघितली आणि म्हणाल्या, "जनावराला वास कळतो. गोड तेच खातं." झालं. रोमित खोऱ्यातल्या अर्ध्या बायका ते खड्डे बघायला आल्या. मोहफिरातने सगळ्यांना चहा दिला, साळिंदराचे पडलेले काटे पोरांना वाटले. नवऱ्याने संध्याकाळी ओशाचा, गाजर घातलेल्या भाताचा, घास घेता घेता मला विचारलं, "ओयनिसो, आपल्या गाजरांना साळिंदरही तोंड लावत नाही होय?"

मी हसले. आत मात्र जळत होते. लग्न होऊन आले तेव्हापासून तिचा नान चांगला, तिचा शिवणाचा हात चांगला, आणि आता हे.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाच्या खालच्या फांद्या काढून साळिंदराला माझ्याकडे यायची वाट मोकळी केली. दोन रात्री गेल्या. पावलं माझ्या वाफ्याच्या कडेने जायची आणि तिच्या वाफ्यात शिरायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी कुदळ घेतली. दहाबारा गाजरं उपटली, दातांनी कुरतडून टाकली आणि सासूबाईंना हाका मारल्या. "आई, बघा हो, इकडेही आलं."

सगळे जमले. सासूबाईंनी एक गाजर उचललं, दातांचे ठसे निरखले, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. गेल्या हिवाळ्यात माझा पुढचा एक दात पडला होता.

"या साळिंदराच्या दातात खिंड आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

माझे कान तापले. नवऱ्याने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. तेवढ्यात मोहफिरात वाफ्यात वाकली आणि उठली तेव्हा तिच्या हातात साळिंदराचे दोन काटे होते.

"हे काय पडलेत इथे," ती म्हणाली. "म्हातारं असेल. त्यांचेही दात पडतात, आई."

मी काटे टाकलेच नव्हते. ते तिच्या झग्याच्या खिशातून आले होते; खिशाची गुंडी अजून उघडी होती, ती मला दिसली. सासूबाईंनाही दिसली असावी. पण त्या चहा ठेवायला निघून गेल्या.

माझी लाज राखली तिने. आभार मानायचे होते, पण मी कुरतडलेली गाजरं गोळा करत राहिले. आता चांगुलपणातही तीच पुढे.

थंडी पडायच्या आधी तिची गाजरं संपली. मी पाटीभर गाजरं तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तिने एक धुऊन तोडलं, चावलं.

"गोड आहेत," ती म्हणाली.

"तुझ्या गाजरांपेक्षा?" मी विचारलं.

ती खूप वेळ चावत राहिली.