पेल्यातलं उरलेलं पाणी

येसूबाई डोंगरावरच्या कुडपणहून खाली महाडला लेकाकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात चार लुगडी, गुडघ्याला चोळायचं तेल आणि अंगणातून काढून तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेला अनंत एवढंच होतं. लुगडी कपाटात गेली, तेल उशाशी गेलं, आणि अनंतासाठी राजेंद्रनं निळी चकचकीत कुंडी आणली. गॅलरीत डाग पडू नयेत म्हणून खाली त्याच रंगाची खोलगट ताटली. आईसाठी आपण काय काय करतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून कुंडी दारातून नजरेस पडेल अशी ठेवली.

झाड कुंडीत बसलं त्याच संध्याकाळी येसूबाईंनी सुनेला सांगून टाकलं, "दीप्ती, ह्यो लागला तर मी हाय. नाय लागला, तर शिमग्याला वर जाईन ती परत यायची नाय."

दीप्ती शाळेत लिपिक. कोण बोलण्यापुरतं बोलतं आणि कोण मनातलं, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप मांडला जाई. सासूच्या या वाक्यात लटकं काहीच नव्हतं. वरचं घर उतारावर, शेजारची घरं कुलूप लावून मुंबईला गेलेली. गेल्या पावसाळ्यात म्हातारी पडवीत घसरली, ती एका गुराख्यानं हाक ऐकली तेव्हा उठली. सकाळी पडली होती, उठली तेव्हा दुपार कलली होती.

पहिले काही दिवस अनंतानं मान टाकली. त्याचं दीप्तीला काही वाटलं नाही. जागा बदलली की झाड रुसतं, नवी नवरीसुद्धा आठवडाभर नीट जेवत नाही. पण मग खालची पानं पिवळी पडू लागली. हळूहळू पिवळेपण वर चढलं.

निदान करायला माणसं कमी पडली नाहीत. राजेंद्र म्हणाला, खत कमी पडतंय. खालच्या मजल्यावरच्या रेश्मानं दृष्ट लागली म्हणून कुंडीला काळा दोरा बांधला. कुडपणचा महादू बाजाराला आला की चहाला थांबे. त्याच्या मते दोष महाडच्या हवेचा होता. इथं माणूस टिकत नाय, तिथं झाड काय टिकणार, असं सांगत त्यानं बशीतला तिसरा लाडू उचलला. येसूबाईंना एवढंच निदान पटलं. दुसऱ्या दिवशी कपाटातली लुगडी पुन्हा पिशवीत गेली.

"माझं कोण हाय गो इथं," त्या म्हणाल्या. "वर निदान भिंती तरी वळखतात."

शनिवारी शाळेला सुट्टी होती. एरवी रविवार बाजारहाटात जाई, त्यामुळे दीप्ती पहिल्यांदाच सबंध दिवस घरी होती, आणि घरात दिवसभर काय चालतं ते तिला तेव्हा कळलं. सकाळी रेश्मा निवडायची मेथी घेऊन आली. मग पोलादपूरकडच्या दोघी आल्या, दवाखान्यात आल्या होत्या म्हणून डोकावल्या. जेवणानंतर महादू. उन्हं कलताना समोरच्या इमारतीतल्या आनंदीबाई. त्यांना सुनेविषयी बोलायला कोणीतरी हवंच असे. प्रत्येकाला तांब्या-पेला. प्रत्येकानं पेला उंच धरून वरून दोन घोट घ्यायचे, उरलेलं तसंच ठेवायचं. माणूस गेलं की येसूबाई गुडघ्यावर हात देत उठत आणि ते पाणी गॅलरीत नेऊन अनंताला घालत. कुडपणला उन्हाळ्यात झऱ्यावरून आणलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे पाप. तोंड न लावलेलं ते झाडाचं. साठ वर्षं हा शिरस्ता होता. पण तिथलं अंगण उताराचं. घातलेलं पाणी निघून जाई.

दीप्तीनं कुंडीत बोट खुपसलं. माती चिखल झाली होती, आणि आंबूस वास आला. तिला आठवलं, शाळेत जाताना रोज एक मग आपणही घालतो. राजेंद्र रात्री बाटलीतलं उरलेलं घालतो. रेश्मा दोरा बघायला येते तेव्हा तीही थोडं पाणी घातल्याशिवाय जात नसणार.

तिनं राजेंद्रला हाक मारली. दोघांनी कुंडी आडवी केली. तळाची भोकं पाडायची राहूनच गेली होती. नुसत्या खुणा होत्या. राजेंद्र कुंडीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं ती कोणाला दाखवली नाही.

मुळं काळी, लिबलिबीत झाली होती. येसूबाई खाली बसल्या, कुजकी मुळं कातरीनं काढू लागल्या. आत गड्ड्याशी थोडी पांढरी होती. त्या बराच वेळ ती चाचपत राहिल्या.

"पाण्यानं मारला म्हणायचा मी."

"तुम्ही एकट्यानं नाही, आई," दीप्ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून. वर कुडपणला दिवसाला कितीजण पाणी प्यायला येत होते?"

वर कधी कधी आठवडा जाई आणि तांब्या भरलेलाच राही.

"इथं तुमचं कोणी नसतं, तर हे झाड हिरवंगार असतं."

म्हातारीनं सुनेकडे बघितलं, मग कातरीकडे. "लई शानी झालीस," एवढंच म्हणाली.

अनंत पुन्हा तुपाच्या डब्यात गेला, खाली खिळ्यानं भोकं, त्यावर विटांचे तुकडे आणि मातीत निम्मी वाळू. डबा सावलीत ठेवला. बोटाला माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही, हा नियम सगळ्यांना सांगितला. उरलेलं पाणी आता येसूबाई बादलीत जमवत आणि संध्याकाळी रेश्माच्या हातानं फाटकाशी उतरवून तिथल्या तगरीला घालत. ते काम पाच मिनिटांचं. पण फाटकाशी बाकडं होतं, त्यामुळे दिवेलागण होई. आनंदीबाईंचा सुनेचा विषय आता तिथंच निघे.

पिवळी पानं गळून गेली. नुसत्या काड्या राहिल्या, तेव्हा महादूनं मान हलवली. येसूबाईंनी त्याला लाडू दिला नाही.

शिमग्याला त्या वर निघाल्या. दीप्ती पिशवी भरायला बसली, तर त्यात एकच लुगडं. बाकीची कपाटात परत लावलेली होती. गॅलरीत अनंताच्या शेंड्याला दोन पानं आली होती, उंदराच्या कानाएवढी.

"पालखी नाचली की येते," दारातून त्या म्हणाल्या. "तवर त्याला हात लावू नको. आणि कोण आलं तर पाणी दे, पण निम्माच पेला."