ठकीचं पाणी

हिचं पाणी तोडा, असं तुम्ही म्हणालात डॉक्टर. नळ तोडतात तसं. माझी अडीच वर्षांची मुलगी, ठकी, तेव्हा तुमच्या टेबलावरच्या ग्लासाकडे बघत होती. तुम्ही तो ग्लास उचलून खिडकीत ठेवलात आणि हसलात. "बघा, लबाड आहे. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. रडली तर रडू द्या. आठवड्यात वळण लागेल."

त्याआधी तुम्ही तिच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली होती. ती बरोबर निघाली आणि तुमचा प्रश्न मिटला. मी विचारलं, साखर नसेल तर दुसरं काही असू शकतं का? तुम्ही पुढच्या पेशंटसाठी बेल दाबलीत.

माझ्या शेजारी टोपी मांडीवर ठेवून बसले होते ते माझे सासरे, अण्णा. त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमचा शब्द सगळ्यात जास्त त्यांनी मनावर घेतला.

अण्णांचा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. लांबचा रूट, खचाखच गाडी, आणि शेवटच्या स्टॉपशिवाय उतरायची सोय नाही. म्हणून ड्यूटीवर ते पाणी पीत नसत. चूळ भरायचे आणि थुंकायचे. "कंडक्टरचं मूत्राशय खात्याच्या मालकीचं असतं सूनबाई," ते म्हणायचे. "रिटायर झाल्यावर परत मिळतं, ते पण भंगार होऊन." मी हसायचे, पण माझं तरी काय वेगळं होतं? मी कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. संडास मागच्या गोदामापलीकडे, आणि काउंटर सोडलेलं मॅनेजरला खपत नाही. मीसुद्धा सकाळी चहाचे दोन घोट घेऊन निघते ते संध्याकाळपर्यंत कोरडीच. आमच्या घरात तहान मारणं ही शिक्षा नव्हती, अक्कल होती. तुमचा उपाय आम्हाला पटला तो त्यामुळे. आम्ही सगळे जे शिकलो ते ठकीनं शिकायचं, एवढंच.

बालवाडीची अट होती की लंगोट सुटल्याशिवाय मूल घेणार नाही. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी, मी दुकानात, म्हणून ठकीला पॉटीवर बसवायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं. ज्या माणसानं स्वतःच्या पोराचं ढुंगण कधी धुतलं नव्हतं, तो माणूस मोरीशेजारी लाल पॉटी मांडून तिच्यापुढे उकिडवा बसायला लागला. त्यांनी तिला बस शिकवली. एक टण म्हणजे गाडी थांबवा, शू आली. दोनदा टण टण म्हणजे झालं, चला पुढे. ठकी बिछान्यावरून, दारातून, जेवता जेवता ओरडायची, "टण!" अण्णा असतील तिथून धावायचे. चड्डी ओली व्हायची ती अण्णा पोचायला उशीर झाला तरच. बसल्यावर ती गंभीर तोंड करून म्हणायची, "उतला उतला, लवकर उतला."

शिकली होती ती, डॉक्टर. हे तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. तिला वळण नव्हतं असं नाही, तिचे थांबे फार होते. "प्रत्येक खांबाला थांबणारी गाडी आहे ही," अण्णा म्हणायचे, आणि पॉटी धुऊन पुसेपर्यंत पुन्हा टण. शू पिवळी नसायचीच. पेल्यातलं पाणी आणि पॉटीतलं पाणी शेजारी ठेवलं तर ओळखू येऊ नये अशी. दूध नको, भात नको, फक्त पाणी. पेला दोन्ही हातांनी धरायची आणि श्वास न घेता संपवायची. शेजारणीनं तिचं नाव घागर ठेवलं होतं. मी वरवर हसले, पण आंघोळ घालताना तिच्या बरगड्या माझ्या बोटांना लागत होत्या. म्हणून तर आलो तुमच्याकडे. लंगोट सोडवायला नव्हतो आलो.

घरी आल्यावर अण्णांनी पाण्याचं भांडं वरच्या फळीवर ठेवलं. पहिल्या दिवशी ठकीनं घर डोक्यावर घेतलं. अण्णांनी तिला खांद्यावर घेऊन फिरवलं, जुन्या स्टॉपांची नावं ओळीनं म्हणून दाखवली, रडणं बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती रडली नाही. मी दुकानातून आले तर फळीखाली भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, लागलं वळण. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

अण्णांना वाटलं नाही. दिवाबत्तीच्या वेळी ते दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, ती अजून टण म्हणतेय."

"किती वेळा?"

"पहिल्याइतकंच." ते फळीवरच्या भांड्याकडे बघून म्हणाले, "गाडीत कुणी चढत नाहीये, आणि प्रत्येक थांब्याला माणसं उतरताहेत. ती येतात कुठून?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ना अण्णा. ते म्हणाले, "हो. ते शिकलेले आहेत." आणि आत गेले. पण तो प्रश्न तिथंच राहिला. भाजी चिरायची ठेवून मी ठकीला जवळ घेतलं. ती तापली होती आणि तिच्या ओठांना पापडी धरली होती. मी घोटभर पाणी पाजलं. ती पेला सोडेना म्हणून ओढून घेतला. वळण बिघडेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी कपडे धुऊन पिळे बादलीत टाकले आणि दोरी बांधायला गॅलरीत गेले. घरात आवाज नव्हता. लहान मूल असलेल्या घरात आवाज नसला की भीती वाटते. मी वळले. ठकी बादलीपाशी मांडी घालून बसली होती. ओल्या टॉवेलचं टोक तिनं तोंडात कोंबलं होतं आणि ती ते चोखत होती. साबणाचा फेस ओठांवर आला होता. माझी चाहूल लागली तसा तिनं टॉवेल पटकन पाठीमागे लपवला.

अण्णांनी ते पाहिलं. ते स्टुलावर चढले, भांडं खाली काढलं आणि तिच्या तोंडाला लावलं. ती प्यायली, पीतच राहिली, मग सगळं ओकली आणि त्यांच्या हातावर मान टाकली. डोळे उघडे होते पण आमच्याकडे बघत नव्हते.

रिक्षा मिळेना. समोरून बस येत होती, अण्णा रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर पूर्वी त्यांच्याबरोबर ड्यूटी केलेला. ठकीला घेऊन आम्ही चढलो. अण्णा त्याच्या कानाशी वाकले. "मोठ्या हॉस्पिटलपर्यंत मधे थांबू नकोस. कुठंच नाही." ज्या माणसानं जन्मात एकही थांबा चुकवला नाही, एका म्हाताऱ्यासाठी गाडी मागे घ्यायला लावायचा, तो माणूस हे बोलत होता. पहिला स्टॉप गेला तेव्हा लोक ओरडले. दुसरा गेला तेव्हा पुढच्या बाईनं मागे वळून अण्णांच्या मांडीकडे पाहिलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

त्या गप्प गाडीत ठकीचे ओठ हलले. "टण," ती म्हणाली.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्याखाली धरली. म्हणाले, "कर माझ्या राणी, इथंच कर. गाडी नाही थांबायची आता."

ती मान हलवत राहिली. नाही. रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. "टण," पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, आजोबांना ऐकू आलं नसेल म्हणून. त्यांनीच शिकवलं होतं ना, की गाडी थांबल्याशिवाय उतरायचं नाही. शेवटी तिला धरवलं नाही. तिनं तोंड अण्णांच्या शर्टात खुपसलं. अंगात घोटभर पाणी नव्हतं त्या पोरीच्या, तरी अण्णांचं धोतर भिजलं.

हॉस्पिटलात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आधी तिची जीभ पाहिली, चिमटीत कातडी धरून सोडली, आणि विचारलं, "पाणी कुणी बंद केलं?" आम्ही तुमचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच सुई लावली. शिरेतून पाणी सोडलं, थेंब थेंब, कारण एकदम दिलं तर मेंदूला सूज येते म्हणे. रक्तातलं मीठ इतकं चढलं होतं की संध्याकाळपर्यंत झटके आले असते. मग त्यांनी समजावलं. डोक्यातली एक ग्रंथी शरीराला पाणी धरून ठेवायला सांगते. ठकीची बहुतेक सांगत नाही. पोटात गेलेलं सगळं वाहून जातं, म्हणून ती पीत होती. ती पीत होती म्हणून जगली होती. औषध आहे. पण ग्रंथी का बंद पडली ते बघायला डोक्याचा फोटो काढायचाय. तो काढून झाला, निकाल अजून यायचाय. अण्णा आणि मी त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

ती आता उठून बसते. खाटेशेजारी पाण्याची बाटली असते, कधीही प्यायची मुभा आहे. पण ती हात लावत नाही. ओठ कोरडे पडले तरी आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग अण्णांच्या, आणि हात पाठीमागे लपवते. अण्णा म्हणतात, "टण टण." म्हणजे चला पुढे. मग ती पिते. प्रत्येक वेळी त्यांना म्हणावं लागतं. ते जेवायलासुद्धा खाली जात नाहीत, त्यांच्या मागे तिला तहान लागली तर काय म्हणून.

फोटोत काय येईल ते मी तुम्हाला विचारत नाही डॉक्टर. ते तुमच्या हातात नाही. ग्लास होता. नीट सांगता येईना इतक्या लहान मुलीनं तिचं दुखणं तुमच्यासमोर नजरेनं दाखवलं होतं, आणि तुम्ही तो ग्लास उचलून खिडकीत ठेवलात. मी तुमच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसले आहे, नंबर लावून. ती पाण्याला भिते, हे आता तिच्या डोक्यातून कोण काढणार? बेल दाबू नका. उत्तर द्या.