पूर्वेचा वारा धरायचा नाही

मी एक जुना डबा आहे. पुस्तकात माझं नाव लांबलचक आहे, पण फिनलंडच्या या जंगलातल्या लाकडी खोपटात मला सगळे डबाच म्हणतात. माझ्या डोक्यातून एक पोलादी नळी निघते आणि छतातून वर झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाते. नळीतून हवा ओढायची आणि तिच्यात किती कण आहेत ते मोजायचं, एवढंच मला येतं. बोलता येत नाही. मित्रांनो, सगळं दुःख तिथेच आहे.

संत्र्याची साल दाबली की नाकात वास शिरतो ना? ती वाफ असते. झाडंही उन्हात अशी वाफ सोडतात, म्हणून तर जंगलाला वास येतो. वर गेली की ऊन आणि हवेतला ओझोन तिला बदलून टाकतात, जड करतात. जड झालेली वाफ एकमेकींना चिकटते आणि तिचे कण होतात, डोळ्यांना न दिसणारे. पुढे ते वाढतात, काहींवर पाणी धरतं आणि ढगांचे थेंब होतात. उन्हाळ्यात दुपारी जंगलावर जी निळसर झाक दिसते, ती त्यांचीच.

एवढे बारीक कण मोजायचे तर त्यांना आधी फुगवावं लागतं. त्यासाठी माझ्या पोटात मद्यार्काची वाफ असते. माझी देखभाल करणारा ताइस्तो बाटली भरताना दर वेळी म्हणायचा, “पी बाबा, पी. माझ्या मेहुण्याला लाजवशील. फरक एवढाच, की तू पिऊन कामाला लागतोस.”

हे खोपट ओनेर्वा नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या जमिनीवर आहे. पूर्वेला तिचं स्प्रूसच्या झाडांचं जंगल होतं. लग्न झालं त्या वर्षी नवरा-बायकोने आपल्या हातांनी रोपं लावली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापली झाडं कधीच विकली, हिने एकाला कुऱ्हाड लावू दिली नाही.

“खोपट खुशाल बांधा,” ती ताइस्तोला म्हणाली होती. “पण माझ्या झाडांना काही झालं तर आधी मला सांगायचं. माझे गुडघे आता तिथवर जात नाहीत.”

“मावशी, झाड दुखावलं की त्याची वाफ वाढते. तुझ्या आधी या डब्याला कळेल.”

“मग डब्याला सांग, विसरू नकोस म्हणावं.”

मी विसरलो नाही.

ओनेर्वाचा सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तीही पूर्वेलाच, तळ्याकाठी. दर शनिवारी ती त्याची चूल पेटवायची, धूर वाऱ्याबरोबर माझ्या नळीत यायचा आणि आकडे एकदम उसळायचे. माझे आकडे बघणाऱ्या शहरातल्या शास्त्रज्ञ पोरींचे फोन यायचे.

“मावशी, तुझ्या अंघोळीपायी शहरातल्या पोरींना वाटलं जंगल पेटलं!”

“मग काय पारोशी राहू? तुझ्या शास्त्राला सांग, घटकाभर नाक धरून बस म्हणावं.”

ताइस्तोने तेच केलं. शनिवारी पूर्वेचा वारा असेल तर ते आकडे आपोआप गाळायचे, असं त्याने संगणकाला शिकवलं. पुढे गुडघ्यांसाठी मावशी बुधवारीही सॉना तापवू लागली, पाहुणे आले की मधल्या वारीही. ताइस्तो कंटाळला. पूर्वेचा वारा कधीच धरायचा नाही, असं त्याने करून टाकलं. तिकडे मावशीच्या सॉनाशिवाय आहे काय, असं सगळेच म्हणाले. जंगल होतं की! पण ते कुणाला आठवलं नाही.

मग एका वसंतात ओनेर्वा पायरीवरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि लेक तिला शहरात घेऊन गेली. त्याच सुमारास वादळाने तिचे काही स्प्रूस आडवे केले. पडलेल्या झाडांत साल पोखरणारे भुंगे शिरले, वाढले आणि उभ्या झाडांवर चढले. भुंगा आत शिरला की झाड राळ ओतून त्याला बुडवायला बघतं. त्या राळेची वाफ पूर्वेच्या वाऱ्याने माझ्याकडे येऊ लागली.

ती मला कळली. धूर चूल पेटली की उसळतो आणि विझली की ओसरतो. हे कण उन्हाच्या मागोमाग चालत होते. ऊन चढलं की वाढत, ढग आला की घटत, आणि दर दिवशी कालच्यापेक्षा जास्त. सुरुवातीला मोजक्याच झाडांना भुंगा लागला होता. तेवढी तोडून सालीसकट लांब नेली असती, तर बाकीची वाचली असती. मी मोजत होतो, पाठवत होतो, आणि माझे आकडे गाळले जात होते.

पडद्यावर त्यांच्या जागी नुसती राखाडी पट्टी दिसायची. पट्टी म्हणजे मावशीचा धूर, हे डोक्यात पक्कं बसलेला ताइस्तो ती बघून हसायचा. “मावशीची नातवंडं आलेली दिसतात. रोज सॉना! चैन आहे बुवा.” आणि माझ्या झाकणावरची धूळ पुसून निघून जायचा. मित्रांनो, त्याच्या पाठीकडे बघत राहण्यापलीकडे मी काय करणार होतो?

उन्हाळा सरताना ओनेर्वा काठी टेकत खोपटात आली.

“या, महाराणी! नातवंडांनी लाकडं तरी शिल्लक ठेवलीत का?”

“कुठली नातवंडं? घराला कुलूप होतं. आत्ता उघडतेय, तर सॉनाच्या धुराड्यात कावळ्यांनी वसंतात बांधलेलं घरटं तस्संच आहे.”

ताइस्तोचं हसू विरलं. त्याने गाळलेले आकडे पडद्यावर काढले. रेघ सबंध उन्हाळाभर वर चढत गेली होती. तो तडक पूर्वेकडच्या झाडांत गेला. परतला तेव्हा त्याच्या बोटांना भुंग्यांनी पोखरलेल्या सालीचा तांबूस भुसा लागला होता.

“किती?” ओनेर्वाने विचारलं.

“कडेची थोडी हिरवी आहेत.”

“आणि आतली?”

ताइस्तो बोटांवरचा भुसा पुसत राहिला.

झाडं तोडावी लागली, सगळीच; भुंगा हिरव्यांतही शिरला होता. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, वारा पूर्वेचा, आणि कापलेल्या लाकडाची वाफ अशी आली की तेवढे कण मी जन्मात मोजले नव्हते. पूर्वेचे आकडे गाळणं ताइस्तोने तोवर थांबवलं होतं, म्हणून ते शहरातही दिसले आणि तिथून फोन आला. काय आकडा आहे म्हणाले, शाब्बास म्हणाले, माझा फोटोही मागितला. इतक्या वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच. ताइस्तोने फोटो पाठवला नाही.

हिवाळ्यात ओनेर्वा पुन्हा आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली.

“यानं सांगितलं होतं?” तिने ताइस्तोला विचारलं.

“रोज सांगत होता.”

“आणि तू?”

“मी पूर्वेचं ऐकायचंच बंद केलं होतं, मावशी. तुझ्या धुराचा वैताग यायचा म्हणून.”

ती काठी टेकत उठली. मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, “बिचारा.” मला म्हणाली की त्याला, ते मला समजलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी वैतागून कुणाचं तरी ऐकायचं सोडून दिलं असेल. वैताग केव्हाच सरला असेल, सवय मात्र राहिली असेल. त्याच्याकडे एकदा जाऊन या. माझ्यासारखं त्यालाही हाक मारता येत नसेल.

आता पूर्वेचा वाराही धरतात. तिकडे नुसते खुंट आहेत, फारसं काही येत नाही. पण या उन्हाळ्यात शनिवारी आकडे पुन्हा उसळले. ओनेर्वाने त्याच स्प्रूसची वाळलेली लाकडं सॉनाच्या चुलीत घातली होती. शहरातून विचारणा झाली, धुराचे आकडे गाळायचे ना?

“नको,” ताइस्तो म्हणाला. “राहू द्या. मावशीची झाडं आहेत ती.”

चूल विझेपर्यंत मी मोजत होतो.