आधीच छापलेलं नाटक

आमच्या कारखान्यात वजनकाटे बनतात. ग्रॅमभर चूक आम्ही खपवून घेत नाही. थापा मात्र किलोने चालतात, आणि त्या छापायचं काम माझ्याकडे आहे. मूळची मी आवक-जावक टेबलावरची कारकून. सात वर्षांपूर्वी फलकावरच्या एका सूचनेतल्या चार चुका मी पेनाने दुरुस्त केल्या, आणि शिक्षा म्हणून ‘कर्मचारी वार्ता’ माझ्या गळ्यात पडली. शहाण्या माणसाने फलक वाचावा आणि गुपचूप पुढे जावं.

वार्ता तीन महिन्यांतून एकदा निघते. तिची रीत अशी, की बातमी आधी आणि घटना नंतर. छापखान्याला आठवडा लागतो, आणि वार्षिक नाटकाचा अंक तर नाटक संपल्या संपल्या दारातच चहाच्या कपाबरोबर लोकांच्या हातात पडायला हवा. म्हणून नाटक कसं झालं ते मी आठ दिवस आधीच लिहून टाकते. अभिनय अप्रतिम, सभागृह तुडुंब, टाळ्यांचा कडकडाट. एके वर्षी दुसऱ्या अंकात भिंत नायिकेच्या अंगावर पडली. दारात लोक ‘नेपथ्य भक्कम’ असं वाचत चहा पीत होते. तक्रार कोणीच केली नाही. नायिकेनेही एका हाताने कपाळावर बर्फ धरून दुसऱ्या हाताने आपला फोटो बरा आलाय का तेवढं पाहिलं.

नाट्यमंडळ चालवतात आमचे कर्मचारी अधिकारी. त्यांना सगळे ‘परिपत्रक’ म्हणतात, कारण ते बोलतातच तसे. भूक लागली तरी ‘सर्व संबंधितांच्या माहितीसाठी’ लागते. यंदा त्यांच्या डोक्यात पर्यावरण शिरलं. नाटकाचं नेपथ्य टाकाऊतून टिकाऊ करायचं ठरलं, आणि घरातल्या जुन्या वस्तू आणून द्या असं आवाहन मी वार्तेत छापलं. लोकांनी पर्यावरणाची संधी साधून घरं साफ करून घेतली. तीन पायांचं स्टूल आलं, काच नसलेला आरसा आला, कुकर नसलेली कुकरची झाकणं आली. व्यायामाच्या सायकली तर चार आल्या, चारही नव्या कोऱ्या. यंदाच्या नाटकात मुख्य भूमिका एका बापाची होती, पण त्याचं घर यातून उभं राहीना. घर कसलं, भंगाराचं दुकान झालं होतं.

तेव्हा काटेकाकांनी सोफा आणला.

काटेकाका म्हणजे आमच्याकडचा शेवटचा तपासनीस. प्रत्येक काट्यावर वजनं ठेवून, पाहून, सही करूनच ते त्याला दाराबाहेर सोडतात. चौतीस वर्षं त्यांची सही खोटी निघालेली नाही. पण त्यांचा जीव अडकलाय नाटकात. सव्वीस नाटकांत त्यांनी पडदा ओढला, पत्रा हलवून वीज कडाडवली, आणि एकदा ‘पत्र आलंय’ हे वाक्य मिळालं होतं, ते नाटक लांबतंय म्हणून कापलं गेलं. या महिनाअखेर ते निवृत्त होणार. म्हणजे नाटकात तोंड उघडायची ही शेवटची संधी होती, आणि हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

सोफा टाकाऊ नव्हता, चांगला धडधाकट होता. परिपत्रकांनी त्यावर बसून पाहिलं, दोनदा उसळून पाहिलं, आणि म्हणाले, “बापाची भूमिका तुम्हीच करा काका.” सोफ्याची निवड आधी झाली आणि माणसाची मागाहून, पण काकांना त्याचं काय? चार दिवसांनी काकूंनी मला फोन केला.

“काय सांगू ताई, दीड महिना मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टीव्ही बघायचा. पाठ मोडली तरी चालेल म्हटलं. आरशासमोर उभे राहून नुसते पाठ करतात. परवा मलाच ‘बाळा’ म्हणाले.”

पाच आठवडे तालमी झाल्या. मी बातमी लिहिली, बापाच्या भूमिकेत काटेकाकांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणलं वगैरे. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी कळलं, की नाटकाला मुख्य कार्यालयातून संचालिकाबाई येणार. लगेच आमच्या मोठ्या साहेबांना आपण कॉलेजात नट होतो हे आठवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. परिपत्रकांनी काकांना बोलावलं. मी तिथेच अंकाचे कागद घेऊन उभी होते.

“काका, व्यापक हित लक्षात घेता भूमिकेत बदल करण्यात येत आहे. तुम्ही मात्र नाराज होऊ नका. सोफ्याच्या रूपाने तुमचं योगदान मंचावर राहीलच.”

“मग मी?” काकांनी विचारलं.

“तुम्ही विंगेत बसून साहेबांना वाक्यं सुचवा. सगळं पाठ तुम्हालाच आहे.”

काका “बरं” म्हणाले आणि आपल्या काट्यांकडे गेले. मी काय केलं? मी टेबलावर बसून तीन ठिकाणी नाव बदललं. बातमीत, ठळक ओळीत आणि फोटोखाली. फोटो तालमीतला, पाठमोरा होता, तो चालून गेला. मला लाज वाटली, भरपूर वाटली, पण लाजेला रजा मिळते, कारकुनाला मिळत नाही. काटेकाकांनी आणलेलं पाणी आता साहेबांनी आणलं, एवढाच फरक.

नाटक शनिवारी दुपारी चारला, कारखान्यामागच्या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात होतं. वस्तीतली माणसंही येतात, फुकट असतं म्हणून आणि पंखे चांगले आहेत म्हणून. दोन वाजता संचालिकाबाईंचा निरोप आला, की येणं जमत नाही. सव्वादोनला साहेबांना एक तातडीची बैठक आठवली. त्यांची नटसम्राटगिरी पंधरा मिनिटांत ओसरली. अडीच वाजता परिपत्रक घामाघूम होऊन काकांसमोर हात जोडून उभे. काकांनी फक्त चष्मा काढून काकूंकडे दिला आणि रंगायला बसले.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. आणि मग माझं लक्ष दाराजवळच्या गठ्ठ्यांकडे गेलं. अंकाच्या चारशे प्रती. प्रत्येकीत तीन ठिकाणी साहेब.

“अहो, हे वाटायचं कसं?” मी परिपत्रकांना विचारलं.

“पुढच्या अंकात शुद्धिपत्रक देऊ.”

“पुढचा अंक तीन महिन्यांनी. काका दहा दिवसांनी घरी बसणार.”

“मग घरपोच पाठवू,” ते म्हणाले आणि बापाच्या वेषातली टोपी शोधायला गेले.

सव्वीस वर्षांनी माणूस रंगमंचावर उभा राहणार, आणि बाहेर येऊन चहाबरोबर वाचणार की तो तिथे नव्हताच! माझं डोकंच फिरलं. मी गठ्ठे उचलून मागच्या खोलीत नेले, आतून कडी लावली आणि पेन घेऊन बसले. साहेबांवर काट मारायची आणि वर काकांचं नाव लिहायचं. चारशे गुणिले तीन. वाटलं होतं, पहिला अंक संपेपर्यंत होईल. माझ्यासारख्या हुशार बाईचा हिशेब असाच असतो.

पलीकडे नाटक सुरू झालं. भिंतीतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज यायचा. मध्ये हशा आला, दोनदा. वस्तीतली पोरं नेहमी शिट्ट्या मारतात, ती गप्प झाली. दुसऱ्या अंकात बाप सोफ्यावर बसून मुलांशी शेवटचं बोलतो, सहा मिनिटं. तेव्हा इतकं शांत झालं की मला माझ्याच पेनाचा आवाज ऐकू येऊ लागला. उठून दार उघडावं असं फार वाटलं. पण दीडशे प्रती राहिल्या होत्या. मी उठले नाही.

मग टाळ्या झाल्या, थांबेनात. मी शेवटच्या साठ प्रती टेबलाखाली ढकलल्या आणि बाकीच्या घेऊन दारात धावले. लोकांनी अंक घेतला, चहा घेतला. खाडाखोड पाहून परिपत्रकांचा चेहरा उतरला. “अंक विद्रूप केलात, खुलासा द्यावा लागेल,” म्हणाले. देईन म्हटलं.

साडेसहाला सभागृह रिकामं झालं. आवारात टेम्पो उभा होता, त्याच्या शेजारी सोफा उतरवून ठेवला होता आणि काकू त्याच्यावर मांडी घालून बसल्या होत्या, जणू पुन्हा कोणी नेईल अशा. काका चेहऱ्यावरचा रंग न पुसताच माझ्याकडे आले. हातात अंक होता. त्यांनी खोडलेली तिन्ही नावं नीट पाहिली, काट्याचा आकडा पाहावा तशी.

“हे हाताने केलंत?”

“हो.”

“सगळे?”

“साठ राहिले.”

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, “कसं झालं, ताई?”

“अप्रतिम!” मी म्हणाले.

“ते छापलेलंय.” ते हसले. “मला खरं सांगा. ते शेवटचं, सोफ्यावरचं, जास्त तर नाही ना झालं? मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, तो मी ठेवलाच नाही. आयत्या वेळी वाटलं, नको. बरोबर केलं की चुकलं?”

जन्मभर थापा लिहिल्या, एक आणखी मारली असती तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण या माणसासमोर जीभ उचलेना.

“काका, मी पाहिलं नाही,” मी म्हणाले. “मी आत बसून नावं खोडत होते.”

त्यांनी अंकाची घडी घातली, पुन्हा उघडली. सोफ्यावरून काकूंनी आमचं बोलणं ऐकलं असावं.

“अगं, मी तुझ्यासाठी पुढच्या रांगेत जागा धरली होती,” त्या म्हणाल्या. “पर्स ठेवली होती खुर्चीवर. चार जणांनी विचारलं, सगळ्यांना सांगितलं, आमच्या ताई येतायत, त्या लिहिणार आहेत यांच्यावर.”

“दोन्ही अंक धरून ठेवली?” मी विचारलं.

“दोन्ही अंक,” काका म्हणाले. “मला चष्म्याशिवाय लांबचं नीट दिसत नाही. तिच्या शेजारी काहीतरी काळं दिसत होतं. मला वाटलं, तुम्हीच आहात. ते सगळं मी तिकडे बघूनच बोललो.”